हवेतली चिमूट आणि हातातला पेला

गेल्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक तरुण वडिलांना घेऊन आला. वडील एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं सुदैवाने शाबूत राहिलं. पायही बराच सावरला, काठी घेऊन चालतात. हात मात्र मागे राहिला. खांदा थोडा उचलला जातो, कोपर वाकतं, पण बोटं मुठीत आवळलेली, उघडायचं नाव नाही.

मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे. त्याने मोबाईलवरचा व्हिडिओ माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, हा व्हीआरचा हेडसेट. यात हातात काही धरावंच लागत नाही. कॅमेरा थेट आपला हात ओळखतो. अगदी नैसर्गिक. अण्णांसाठी घेऊ का? पैशाचं मी बघतो."

अण्णा काही बोलले नाहीत. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा मी एवढंच म्हटलं, की घाई करू नका, पुढच्या वेळी सविस्तर बोलू. पण हाच प्रश्न गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. कुणी यूट्यूबवर बघून येतं, कुणाला परदेशातल्या भावाने सुचवलेलं असतं. म्हणून त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो. हात ओळखणारं हे तंत्र खरंच चांगलं आहे आणि काही रुग्णांना मी ते वापरायला सांगतो. पण 'नैसर्गिक' हा त्याच्या जाहिरातीतला शब्द निरोगी हाताच्या माणसासाठी लिहिलेला आहे. लकवा झालेल्या हाताच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. आणि उरलेला अर्धा भाग समजून न घेता पैसे घातले, तर पैशांपेक्षा मोठी गोष्ट हातची जाते. ती म्हणजे झटक्यानंतरचे पहिले काही महिने.

हे तंत्र नेमकं करतं काय?

व्हीआर म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर चष्म्यासारखा जाड हेडसेट लावला, की समोर संगणकाने तयार केलेलं जग दिसतं. मान वळवली की ते जगही त्याप्रमाणे वळतं. या जगातल्या वस्तूंना हात लावायचा असेल, तर पूर्वी दोन्ही हातांत कंट्रोलर धरावे लागायचे, म्हणजे बटणं असलेली मूठ.

हात ओळखणाऱ्या तंत्रात कंट्रोलर लागत नाही. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला छोटे कॅमेरे असतात. ते तुमच्या हाताची चित्रं सेकंदाला अनेकदा टिपतात. आतला प्रोग्राम त्या चित्रात आधी हात कुठे आहे ते शोधतो, मग मनगट, बोटांची पेरं, बोटांची टोकं अशा वीस-पंचवीस जागा कुठे असतील याचा अंदाज बांधतो आणि त्यावरून एक सांगाडा उभा करतो. समोरच्या आभासी जगात तुम्हाला तुमचा हात म्हणून जे दिसतं, तो हा सांगाडा. तुम्ही बोट हलवलंत की तोही हलवतो.

'अंदाज' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कॅमेऱ्याला तुमची हाडं दिसत नाहीत. हजारो हातांच्या चित्रांवर शिकलेला प्रोग्राम तुमचा हात बघून ठरवतो, की बोटं बहुधा अशी असावीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत जॅरन लॅनियर आणि थॉमस झिमरमन यांच्या कंपनीने तारा लावलेला 'डेटाग्लोव्ह' हा हातमोजा बनवला होता. तो घातला की बोटांची हालचाल संगणकाला कळायची. १९८९ मध्ये त्याचीच स्वस्त आवृत्ती 'पॉवर ग्लोव्ह' नावाने व्हिडिओ गेमसाठी बाजारात आली. २०१३ मध्ये 'लीप मोशन' ही टेबलावर ठेवायची छोटी डबी आली. ती अवरक्त प्रकाशात वर धरलेला हात बघायची, त्यामुळे हातमोज्याची गरज संपली. २०१९ च्या अखेरीस 'क्वेस्ट' या हेडसेटमध्येच ही सोय आली. आणि २०२४ मध्ये ॲपलने 'व्हिजन प्रो' बाजारात आणला, तो वापरायला कंट्रोलर लागतच नाही. नजरेने निवडायचं आणि अंगठा-तर्जनीची चिमूट केली की झालं 'क्लिक'.

मला यात काय आवडतं?

पहिली गोष्ट अगदी साधी. ज्याचा हात उघडत नाही, त्याच्या हातात कंट्रोलर द्यायचा कसा? मी नातेवाइकांना पट्टीने रुग्णाच्या हाताला कंट्रोलर बांधताना पाहिलं आहे. मनगट दुखतं, बोटं आणखी आवळतात आणि रुग्णाला अपमान वाटतो तो वेगळाच. कॅमेऱ्यापुढे नुसता हात धरायचा असेल, तर हा त्रास वाचतो. हात भाजलेला असेल, हातावर जखम असेल किंवा संधिवाताने बोटं सुजलेली असतील, त्यांनाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लकवा झालेला हात सुधारतो तो मुख्यतः सरावाने. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण शेजारचे भाग हळूहळू त्याचं काम शिकतात. हे शिकणं सायकल शिकण्यासारखं किंवा पोळ्या लाटायला शिकण्यासारखं असतं. एकदा समजावून सांगितलं की झालं, असं नसतं. तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करावी लागते.

प्रत्यक्षात किती वेळा होते? अमेरिकी संशोधक कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीची ३१२ सत्रं बसून पाहिली आणि हालचाली मोजल्या. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताने एखादं काम करायचा सराव एका सत्रात सरासरी फक्त ३२ वेळा होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडवायला दिवसाला काही शे वेळा सराव लागला होता. म्हणजे आपण औषधाचा डोसच पुरेसा देत नाही.

यात फिजिओथेरपिस्टचा दोष नाही. एका तासात त्यांना चालणं, बसणं, तोल, खांदा असं सगळं बघायचं असतं. आणि घरी गेल्यावर 'शंभर वेळा बोटं उघडा-मिटा' हे सांगणं सोपं, करणं महाकंटाळवाणं. इथे खेळ कामाला येतो. समोर फुगे येताहेत, ते फोडायचे, आंबे पडताहेत, ते झेलायचे. शंभर कधी झाले ते कळतही नाही. एवढ्यासाठी मी या तंत्राला पूर्ण गुण देतो.

पण 'नैसर्गिक' कुणासाठी?

आता दुसरी बाजू. या हेडसेटमध्ये बटण दाबण्याऐवजी काय करायचं असतं? चिमूट. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवायची. तुम्हा-आम्हाला यापेक्षा सोपं काही नाही. रांगोळीची चिमूट, मिठाची चिमूट, मोदकाच्या कळ्या, सगळं आपण न बघता करतो.

पण पक्षाघातानंतर हात ज्या क्रमाने परत येतो, त्यात चिमूट साधारणपणे सगळ्यात शेवटी येते. आधी खांदा, मग कोपर, मग सगळी बोटं एकदम मिटणं, मग ती उघडणं, आणि सर्वांत शेवटी एकेक बोट सुटं हलवणं. काहींच्या बाबतीत ती चिमूट कधीच पूर्ण येत नाही. म्हणजे निरोगी माणसासाठी जी सगळ्यात सोपी खूण, तीच अण्णांसाठी सगळ्यात अवघड. दाराला कुलूप असावं आणि किल्ली आतल्या खोलीत असावी, तशी ही गत आहे.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. मूठ आवळलेली असली की बोटं एकमेकांआड लपतात. कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत, मग प्रोग्राम अंदाज बांधतो. हा अंदाज बहुतेक निरोगी हात बघून शिकलेला असतो. त्यामुळे बोट प्रत्यक्षात जेमतेम हललेलं असताना पडद्यावर पूर्ण उघडलेलं दिसू शकतं, किंवा रुग्णाने जिवाच्या आकांताने बोट हलवलं तरी पडद्यावर काहीच घडत नाही. पहिल्यात खोटा आनंद मिळतो, दुसऱ्यात खरी मेहनत वाया जाते. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. आधीच खचलेल्या माणसाला यंत्रानेही 'तुझा हात मला दिसत नाही' असं सांगितलं, तर तो पुन्हा हात पुढे करत नाही.

तिसरी अडचण दमण्याची. हात हवेत धरून काम करून बघा. दोन मिनिटांत खांदा भरून येतो. पूर्वी उभ्या टचस्क्रीनवर काम करणाऱ्यांचीही हीच तक्रार असायची, इंग्रजीत तिला गमतीने 'गोरिला आर्म' असं नावच पडलं. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि सांधा खाली सरकलेला असू शकतो. अशा खांद्यावर वीस मिनिटं हात हवेत तोलायची सक्ती केली, तर दुखणं वाढतं. आणि खांदा दुखायला लागला की रुग्ण सगळेच व्यायाम सोडतो.

गुण वाढले, हात तिथेच

अण्णा दुसऱ्या भेटीला आले तेव्हा मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. आधी ते संकोचले होते. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी एका ठिकाणी व्हीआर थेरपीचं महिन्याचं पॅकेज घेतलं होतं. रोज अर्धा तास खेळ. रोज गुण वाढत होते आणि महिन्याच्या शेवटी आलेखही हातात दिला होता, चढत जाणारा. "पण डॉक्टर," मुलगा म्हणाला, "पाण्याचा पेला आजही धरता येत नाही. मग हे गुण कसले वाढले?"

मी अण्णांना खुर्चीत बसवलं, समोर माझा हात धरला आणि म्हटलं, "याला हात लावा." अण्णांनी हात लावला. पण कोपर जवळजवळ सरळ झालंच नाही. त्यांनी कमरेतून पुढे वाकून, खांदा वर उचलून, सगळं अंग माझ्याकडे आणलं. हात शरीरासोबत आला, एवढंच.

याला आम्ही भरपाईची हालचाल म्हणतो. शरीर हुशार असतं. कमजोर स्नायूचं काम ते शेजाऱ्याकडून करून घेतं. हेडसेटला फक्त हाताचा पंजा फुग्यापर्यंत पोचला की नाही हे कळतं, कंबर वाकली की नाही हे कळत नाही. म्हणून तो गुण देत राहतो. महिनाभर अण्णांनी मन लावून सराव केला, पण तो होता पुढे वाकण्याचा. शेजारी कुणी खांद्यावर हात ठेवून "अण्णा, पाठ खुर्चीला टेकवा" म्हणणारं असतं, तर तोच खेळ उपयोगी पडला असता.

यात मी त्या यंत्राला दोष देत नाही. ज्यांनी रुग्णाला यंत्रासमोर बसवून पाठ फिरवली, त्यांना देतो.

हाताचं अर्धं काम आपण विसरतो

हात म्हणजे हलणारी वस्तू, असं आपल्याला वाटतं. पण हात डोळ्यासारखाच माहिती गोळा करणारा अवयव आहे. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वायल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार केला, तेव्हा स्पर्श जाणण्याच्या पट्टीवर हात आणि चेहऱ्यानेच मोठी जागा व्यापलेली दिसली. सबंध पाठीला तिच्या मानाने अगदी थोडी जागा होती.

तुम्ही चहाचा कप उचलता तेव्हा तो किती जड आहे, गुळगुळीत आहे की खरखरीत, निसटतोय का, हे बोटांची कातडी मेंदूला सतत सांगत असते. कप किंचित सरकला तर तुमच्या लक्षात यायच्या आतच पकड घट्ट झालेली असते.

ही माहिती बंद झाली तर काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडचे इयन वॉटरमन. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालचा स्पर्श आणि अवयव कुठे आहेत याची जाणीव त्यांनी गमावली. स्नायू धडधाकट होते, लकवा नव्हता, तरी त्यांना उठून बसताही येईना. पुढे जिद्दीने ते डोळ्यांच्या मदतीने प्रत्येक हालचाल शिकले. हात कुठे आहे ते बघायचं, मग हलवायचा. ते चालायलाही लागले, पण दिवे गेले आणि हातपाय दिसेनासे झाले की कोसळायचे. नुसत्या नजरेवर हात चालवणं किती थकवणारं असतं, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

आता विचार करा. व्हीआरमधला आंबा हातात घेतला तर हाताला काय जाणवतं? काहीच नाही. वजन नाही, साल नाही, गारवा नाही. बोटं हवेत मिटतात आणि डोळे सांगतात की आंबा धरला. म्हणजे आपण रुग्णाला डोळ्यांच्या आधाराने हात चालवायला शिकवतो आणि स्पर्शाची बाजू कोरडीच ठेवतो. पकडीचा जोर किती लावायचा, हे हवा धरून शिकता येत नाही. पेला धरायला शेवटी पेलाच धरावा लागतो.

अभ्यास काय सांगतात?

मत माझं असलं तरी पुरावा बघायला हवा. २०१६ मध्ये डॉ. गुस्तावो सापोस्निक आणि सहकाऱ्यांनी चार देशांतल्या चौदा रुग्णालयांमध्ये १४१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना झटका येऊन तीन महिन्यांच्या आतच झालेले होते. नेहमीची थेरपी सगळ्यांना दिली. त्याशिवाय एका गटाला टीव्हीसमोर हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेम दिले आणि दुसऱ्या गटाला साधे खेळ: पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे, चेंडू. दोन्ही गटांना तासाभराची दहा सत्रं दिली. निकाल असा लागला, की दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात फरक दिसला नाही. पत्त्यांचा कॅट व्हिडिओ गेमच्या बरोबरीने चालला.

त्या अभ्यासात हेडसेट नव्हता आणि हात ओळखणारा कॅमेराही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ७२ अभ्यासांमधले सुमारे अडीच हजार रुग्ण एकत्र धरले, तेव्हाही चित्र तसंच होतं. नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तर हाताला जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिलं, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढला, तर फायद्याची शक्यता दिसली. अलीकडच्या सुधारित आढाव्यात अभ्यास खूप वाढले आहेत आणि हाताच्या बाबतीत व्हीआरच्या बाजूने थोडा कल दिसतो, पण तो थोडाच आहे.

म्हणून रुग्णांना मी एकच वाक्य लक्षात ठेवायला सांगतो: 'ऐवजी' नको, 'शिवाय' चालेल.

मग डॉक्टर, तुम्ही नव्याच्या विरोधात का?

असा प्रश्न मुलाने विचारलाच. नाही, अजिबात नाही. काही ठिकाणी हे तंत्र असं काही करतं, जे मला दुसऱ्या मार्गाने जमत नाही.

भाजलेल्या रुग्णाची जखम धुताना होणाऱ्या वेदना फार भयंकर असतात. अमेरिकेत सिॲटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं बर्फाचं आभासी जग तयार करायला सुरुवात केली. जखम धुतली जात असताना रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकत असतो. मन तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते, असं रुग्ण सांगतात.

दुसरं उदाहरण आरशाचं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनांसाठी साध्या आरशाची पेटी वापरली होती. तीच युक्ती लकव्यात वापरतात. दोन हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, दुखरा हात त्याच्यामागे, आणि चांगला हात हलवत आरशात बघायचं. मेंदूला वाटतं की लुळा हातच हलतोय. या उपचाराला बऱ्यापैकी पुरावा आहे. व्हीआरमध्ये हे आणखी चांगलं जमतं, कारण चांगल्या हाताची हालचाल थेट लुळ्या हाताच्या जागी दाखवता येते. पण हेही खरं, की काचेच्या दुकानातून आणलेला दीड-दोन फुटी आरसा तेच काम फारच कमी पैशांत करतो.

आणि तिसरं, दूरच्या गावातला रुग्ण. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा. अशा घरी एखादं यंत्र रुग्णाला रोज हात हलवायला लावत असेल आणि आठवड्यातून एकदा तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर बघत असेल, तर मला ते हवंच आहे.

हेडसेट घेण्याआधी हे विचारा

थेरपी देणाऱ्या केंद्राला किंवा विकणाऱ्याला हे प्रश्न जरूर विचारा:

१. चिमूट जमत नसेल तर हा खेळ खेळता येतो का? नुसता हात पुढे करून किंवा मनगट वळवून चालतं का?

२. आवळलेली मूठ कॅमेऱ्याला दिसते का? विकत घेण्याआधी रुग्णाच्या त्याच हातावर करून दाखवा.

३. खेळताना शेजारी फिजिओथेरपिस्ट बसणार का, की फक्त यंत्र सुरू करून देणार?

४. सुधारणा कशी मोजणार? खेळातल्या गुणांवर, की प्रत्यक्ष कामावर?

५. हात टेबलावर टेकवून खेळता येतं का?

आणि ही काळजी घ्या. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. डोळे सांगतात आपण हलतोय आणि कानातला तोलाचा अवयव सांगतो आपण बसलोय, या भांडणातून काहींना मळमळ आणि चक्कर येते. तसं झालं तर लगेच काढा, 'सवय होईल' म्हणून रेटू नका. सुरुवात पाच मिनिटांनी करा. नेहमी हात असलेल्या, भक्कम खुर्चीत बसूनच वापरा. हेडसेट लावून उभं राहणं लकव्याच्या रुग्णाला धोक्याचं आहे, पडलात तर खुब्याचं हाड मोडेल. एका बाजूचं दिसत नसेल किंवा त्या बाजूचं भानच नसेल, तर आधी तपासून घ्या. खांदा दुखत असेल तर आधी त्याचे उपचार.

हेडसेट असो वा नसो, घरी हे करा

चांगल्या हेडसेटचा खर्च हजारोंच्या घरात जातो. तो परवडत नाही म्हणून स्वतःला दोष देणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं वाटून घेऊ नका. तुमच्या स्वयंपाकघरात बरंच काही आहे.

कणकेचा गोळा दाबायला द्या. टेबलावर टॉवेल पसरून तो हाताने पुढे-मागे सरकवायला सांगा, पाठ खुर्चीला टेकलेली हवी. बोटं थोडी उघडू लागली की मोठ्या वस्तूपासून सुरू करा: कांदा, लिंबू, मग शेंगा, मग राजमा. पत्ते पिसणं जमलं नाही तरी एकेक पान उलटायला लावा. पेल्यात गार पाणी अर्ध्यापर्यंतच भरा. गरम चहा नको, कारण बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही. हात ओढून उचलू नका, खांदा निखळू शकतो. व्यायाम कोणते आणि किती, हे तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

आणि मोजा. रोज किती वेळा झालं, ते कॅलेंडरवर लिहा. मोजल्याशिवाय डोस कळत नाही.

अण्णांच्या मुलाने शेवटी हेडसेट विकत घेतला नाही. मित्राकडे पडून असलेला महिनाभरासाठी आणला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी चिमूट न लागणारा एक खेळ निवडून दिला. संध्याकाळी दहा मिनिटं खेळ, त्यावेळी सूनबाई पाठीवर हात ठेवून बसतात. लगेच नंतर वीस मिनिटं खऱ्या वस्तू. कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहिले जातात, एक खेळातल्या गुणांचा, दुसरा पेला किती वेळा उचलला त्याचा.

परवा अण्णा आले तेव्हा कॅलेंडरच घेऊन आले. पहिला आकडा भराभर वाढलेला होता. दुसरा बरेच दिवस शून्य होता, मग एक, मग परत शून्य, आणि गेल्या आठवड्यात तीन. उजव्या हाताने पेला धरून, डाव्याने खालून टेकू देऊन. त्यांचा हात पूर्वीसारखा होईल, असं मी म्हणालो नाही, कारण पाच-सहा महिन्यांनंतर सुधारणेचा वेग मंदावतो. ती थांबते असं मात्र नाही. "अण्णा, मी दुसराच आकडा वाचणार," मी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "मलाही तोच खरा वाटतो."

जाता जाता एक विनंती, जी पक्षाघातावरच्या प्रत्येक लेखात करतो. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलता येईना किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून तडक सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तेव्हा वाचवलेली मिनिटं पुढे कुठल्याही हेडसेटपेक्षा जास्त कामाला येतात.